पोरगं दुरुस्तीला टाकलंय

बाप पुढे, आई मागे आणि मध्ये हुडीत तोंड खुपसलेला नववीतला मुलगा. समुपदेशकांच्या दारात हल्ली ही वरात नेहमीची झाली आहे. ‘दिवसभर इन्स्टावर पडलेला असतो, काहीतरी करा.’ गीझर बिघडल्यावर मेकॅनिकला सांगतात, तोच सूर. पुढचा प्रश्नही ठरलेला : दहावीच्या आत होईल ना?

आजाराचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या रोगसूचीत गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली आहे, समाजमाध्यमांच्या व्यसनाची मात्र अजून वेगळी नोंद नाही. म्हणजे गेमवाला रीतसर पेशंट आणि रीलवाला नुसताच वाया गेलेला. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून अशांसाठी ‘शट क्लिनिक’ चालतं. नाव ऐकून पालक खूश होतात. त्यांना वाटतं, तिथे फोन कायमचा बंद करून देतात.

प्रत्यक्षात थेरपिस्ट फोनला हात लावत नाही. तो मुलाला नोंदी ठेवायला सांगतो. ॲप कधी उघडलं, त्याआधी काय घडलं होतं, मनात काय आलं, नंतर कसं वाटलं. आठवडाभरात वही बोलायला लागते. चाचणीत मार्क कमी पडले : अर्धा तास. मित्रांनी ग्रुपमधून काढलं : एक तास. आईबाबांचं कडाक्याचं वाजलं : रात्री दोनपर्यंत. मुलाच्या परवानगीनं हे वाचून दाखवलं, की बाबा खुर्चीत चुळबुळतात. फी मुलाची भरली होती. आपली तपासणी फुकटात होईल, अशी कल्पना नव्हती.

मग नियम ठरतात. नोटिफिकेशन बंद, जेवताना फोन नाही, रात्री सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला.

‘सगळे म्हणजे?’

बाबांचं ऑफिस असतं. आईचा अलार्म असतो. आजीला पहाटे पाचला चाळीस जणांना गुलाबाचं फूल पाठवायचं असतं. तिसऱ्या भेटीनंतर मंडळी येत नाहीत. ‘थेरपीचा काही उपयोग नाही हो,’ हे मात्र त्याच रात्री पाच ग्रुपांवर पोचतं.

या लोकांना ऑस्ट्रेलिया फार आवडतो. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती रोखायची जबाबदारी कायद्यानं कंपन्यांवर टाकली आहे. ‘आपल्याकडेही हवं!’ सोळाच्या वरच्यांना त्यात हात लावलेला नाही, हे त्या कायद्याचं खरं सौंदर्य.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये जे केलं, ते कुणी मागत नाही. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, की साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा आणि थोरांनी डेली सोप सोडायची! शहरातल्या सोसायटीत असा भोंगा आणायचा म्हटलं, तर सेक्रेटरी आधी ग्रुपवर पोल टाकतील आणि निकाल येईपर्यंत सगळे दर दोन मिनिटांनी फोन बघत बसतील.