अर्ध्या नावाचे सर

चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ जावा ही संगणकाची भाषा शिकवणारे एक सर आहेत. कोणाचंही पूर्ण नाव घेणं त्यांना उधळपट्टी वाटते. "भाऊकडं जा, सरांनी पाठवलं म्हण," एवढ्यावर ते पोराला कामाला धाडतात. कोणता भाऊ, असं विचारलं की चिडतात. गल्लीत भाऊ एकच, म्हणून कामं होतातही. गडचिरोलीच्या बसस्थानकावर मात्र 'भाऊ' अशी हाक मारली की अर्धा फलाट मागे वळतो.

सरांचा कोडही तसाच. वर 'जावा.युटिल' इम्पोर्ट केलं की खाली नुसतं 'अ‍ॅरेलिस्ट'. कोडाचं भाषांतर करणारा कंपायलर हा गल्लीतलाच माणूस. तो इम्पोर्ट वाचतो, वर्ग शोधतो, सापडला नाही तर तिथंच अडवतो. सापडला तर क्लास फाइलमध्ये पूर्ण नाव घालतो. इम्पोर्टचं काम तिथं संपलं. पुढं प्रोग्रॅम चालवणाऱ्या जेव्हीएमच्या नजरेस ती ओळ पडतही नाही.

सरांना हे कळलं प्रॅक्टिकलच्या दिवशी, बाहेरच्या परीक्षकांसमोर. डेटाबेसशी जोडणारा वर्ग रन होताना नावानं शोधायला सरांनी 'क्लास.फॉरनेम' लिहून अवतरणचिन्हांत नुसतं 'ड्रायव्हर' टाकलं. अवतरणातली अक्षरं कंपायलर तपासत नाही. "एकबी एरर नाही, पाहा जी!" मग रन केलं. पडद्यावर लाल ओळ: 'जावा.लँग.क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन: ड्रायव्हर'. एररनं स्वतःचं नाव घराण्यासकट सांगितलं होतं. अर्धं होतं ते सरांचंच.

"अबे, वर इम्पोर्ट आहे ना!" सर पडद्यावर खेकसले.

परीक्षकांनी पूर्ण नाव घालायला लावलं: कॉम, मायएसक्यूएल, जेडीबीसी, मग ड्रायव्हर. सरांनी लगेच बाजू बदलली. "याचा फायदा असा जी, उद्या ओरॅकल आलं तरी पुन्हा कंपाइल करणं नाही." मुद्दा बिनतोड, पण त्यासाठी नाव वेगळ्या सेटिंगच्या फाइलमध्ये हवं, सरांनी ते कोडातच कोरलेलं. शिवाय २००६च्या जावा ६ पासून ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथवर असली की तो आपणहून नोंदला जातो. 'क्लास.फॉरनेम'ची ओळच लागत नाही. सरांच्या नोट्स त्याआधीच्या.

परीक्षकांना पुढं देसाईगंजला जायचं होतं. सर म्हणाले, "सोपं हाय. स्टेशनवर जा, वडसाची गाडी धरा." आता देसाईगंजच्या स्टेशनाचं नाव वडसा, हे बाहेरच्याला कोण सांगणार? आणि चंद्रपुरात मुख्य स्टेशनं दोन: एक चंद्रपूर, दुसरं चांदा फोर्ट. वडसाची गाडी फोर्टवरून. परीक्षक दुधानं तोंड पोळलेले, त्यांनी कागद पुढं केला, म्हणाले, "पूर्ण लिहून द्या."

सरांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'फोर्ट.'