पोरगा सुधारतोय म्हणे!

अमेरिकेत सप्टेंबर लागला की एक राष्ट्रीय जोडधंदा सुरू होतो. दुसऱ्याच्या पोराची प्रगती मोजण्याचा. पोरगा बावीस-चोविशीतला, पगार कोटींत, आणि मोजणारे सोफ्यावर चिप्सचं पाकीट फोडून बसलेले. फुटबॉल म्हणजे तिथला फुटबॉल. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि पायाला फारसं काम नाही. त्यातला क्वार्टरबॅक म्हणजे घरातला कर्ता. जिंकलं की त्याच्यामुळे, हरलं की त्याच्याचमुळे.

दर वर्षी असे दोन-चार कर्ते अडखळत असतात आणि दर सोमवारी देश त्यांच्यावर भांडतो. सुधारतोय की नाही? या वर्गातला मानाचा गणपती म्हणजे कॅरोलायना पँथर्सचा ब्राइस यंग.

आधी किंमत ऐका. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची संघांत वाटणी; जो जास्त हरला त्याची निवड आधी. २०२३च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळावा म्हणून पँथर्सनी शिकागो बेअर्सना त्या वर्षीचा नववा आणि एकसष्टावा क्रमांक दिला, पुढच्या वर्षीची पहिली फेरी दिली, त्याच्या पुढच्या वर्षीची दुसरी फेरी दिली, आणि वर डीजे मूर हा हाताशी असलेला उत्तम रिसीव्हर दिला. थोडक्यात, चेंडू फेकायला माणूस आणला आणि झेलणारा देऊन टाकला. या व्यवहाराला तिकडे दूरदृष्टी म्हणाले.

पहिल्या हंगामात संघ १७पैकी १५ सामने हरला. त्यामुळे झालं असं की शिकागोला देऊन टाकलेली ती पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे ड्राफ्टमधला पहिला क्रमांक ठरली. शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स उचलला. इकडे यंगच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला सी. जे. स्ट्राउड त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. जखम एक, मीठ दोन दुकानांतून.

फ्लॅट महागात पडला की मालक आल्यागेल्याला सांगतो, बाकी काही म्हणा, हवा मात्र फार छान येते. शार्लटमध्ये, म्हणजे पँथर्सच्या गावी, गेली तीन वर्षं ही हवा येतेय.

यंगचा तो पहिला हंगाम: ११ टचडाउन, १० इंटरसेप्शन आणि ६२ सॅक. टचडाउन म्हणजे कमाई, इंटरसेप्शन म्हणजे फेकलेला चेंडू विरोधकाने झेलणं, आणि सॅक म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला धरून जमिनीवर आदळणं. आदळणाऱ्याचं वजन सव्वाशे-दीडशे किलो. यंगची उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे आपल्याकडे उंच, तिकडे ठेंगू. कोच फ्रँक राइक यांना अकरा सामन्यांतच नारळ मिळाला. पोराला मिळाला नाही, कारण पोरावर दिलेल्या फेऱ्या परत मिळत नाहीत.

दुसऱ्या वर्षी डेव्ह कनालेस आले. यांची ख्याती चुकलेली पोरं मार्गाला लावणारे मास्तर अशी. पहिला सामना ४७-१० असा हरले, दुसरा २६-३ असा. मास्तरांनी पोराला थेट बेंचवर बसवलं आणि अँडी डाल्टन या पस्तिशी ओलांडलेल्या बुजुर्गाच्या हाती चेंडू दिला. ऑक्टोबरात डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, त्याचा अंगठा दुखावला, आणि यंग परत आला. त्यानंतरच्या खेळाला सगळे ‘यंगचं पुनरागमन’ म्हणतात. त्याचा मुहूर्त कुठल्या मास्तरांनी काढला नव्हता, डाल्टनच्या अंगठ्याने काढला होता, हे कुणी फारसं बोलत नाही.

पण खेळ बदलला होता हे खरं. म्युनिकमध्ये न्यूयॉर्क जायंट्सना ज्यादा वेळेत हरवलं. कॅन्सस सिटीशी तीन गुणांनी हरले, फिलाडेल्फियाशी सहा गुणांनी. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाविरुद्ध ४४-३८ असा विजय, पुन्हा ज्यादा वेळेत. यंगचे तीन टचडाउन हाताने, दोन पायाने. शार्लटला जणू दिवाळीच. संघ ५-१२ होता हे विसरून.

शार्लटला आमचा एक भाचा असतो. मुळात क्रिकेटवाला, आता धर्मांतरित. नव्या भक्ताचा उपवास जास्त कडक असतो, त्याप्रमाणे हा दर आठवड्याला निकाल कळवतो. २०२५च्या नोव्हेंबरात तर त्याने कहर केला. पँथर्स घरच्या मैदानावर न्यू ऑर्लीन्सकडून १७-७ असे हरले. निरोप आला, “मामा, संपलं. हा नाही जमणार.” पुढच्या रविवारी अटलांटाविरुद्ध यंगने ४४८ यार्ड फेकले. पँथर्सच्या इतिहासात एका सामन्यात कुणीही इतके फेकले नव्हते, संघाचा जुना हिरो कॅम न्यूटननेही नाही. सोमवारी पहाटे फोन, “मामा, बघितलंस ना? मी म्हणतच होतो.” पुढच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून २०-९. निरोप नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात बलाढ्य रॅम्सना ३१-२८ असं हरवलं. पुन्हा “मी म्हणतच होतो.” त्यानंतर पुन्हा न्यू ऑर्लीन्सकडून हार. त्या आठवड्यात त्याला म्हणे ऑफिसात फार काम होतं.

हे सगळं सव्वा महिन्यातलं. पोरगा तोच, उंची तीच. दर रविवारी बदलत होता तो भाचा.

आता आकडेवाल्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं, भावना नकोत, हिशेब दाखवा. दाखवतात. यंगचे टचडाउन पहिल्या वर्षी ११, मग १५, मग २३. इंटरसेप्शन १०, ९, ११. पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५९.८ टक्क्यांवरून ६०.९ आणि पुढे ६३.६. चढता आलेख, वाद मिटला? छे. त्यांचा लाडका मापदंड आहे पासर रेटिंग. १९७३पासून चालत आलेला. यात पैकीच्या पैकी म्हणजे १५८.३. शंभर का नाही, हे विचारायचं नाही. त्याहून गंमत अशी की क्वार्टरबॅकने दिवसभर प्रत्येक चेंडू कुणालाही न झेलता येईल असा जमिनीवर आपटला, तरी त्याला ३९.६ गुण मिळतात. हजेरीचे मार्क. २०१७मध्ये बफेलोच्या नेथन पीटरमनने पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळताना अर्ध्या सामन्यात पाच चेंडू विरोधकांच्या हाती दिले. त्याचं रेटिंग १७.९. सगळे चेंडू प्रेक्षकांत भिरकावले असते तरी दुपटीहून जास्त मिळाले असते! अशा काट्यावर आपण पोराची सुधारणा तोलतोय.

शिवाय यार्ड कुठल्या वेळेला मिळाले तेही बघावं लागतं. सामना वीस गुणांनी गेला की समोरचा बचाव मागे सरकून उभा राहतो. घे बाबा छोटे छोटे पास, फक्त घड्याळ चालू दे, असा त्याचा हिशेब. मग आपला कर्ता दहा मिनिटांत शंभर यार्ड जमवतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं, शेवटच्या पंधरा मिनिटांत काय लय सापडली होती!

माझ्या मते सुधारणा बघायची असेल तर चेंडूकडे बघूच नये, पायांकडे बघावं. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, पाच धिप्पाड लाइनमन भिंत धरतात, आणि क्वार्टरबॅकच्या हाती साधारण अडीच सेकंद उरतात. तेवढ्यात पहिला रिसीव्हर मोकळा आहे का, नाही, दुसरा, नाही, तिसरा. नजर सरकेल तसा पाय वळायला हवा. घाबरलेल्या क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवर नसते. अंगावर येणाऱ्यांवर असते, आणि पाय नकळत मागे मागे जातात. यात दुहेरी घात. एक तर फेकीतला जोर जातो. दुसरं म्हणजे कडेचा लाइनमन, आपला माणूस अमुक जागी उभा आहे असं धरून, अंगावर येणाऱ्याला वळसा घालायला लावत असतो. माणूस तिथून मागे सरकला की तो वळसा थेट त्याच्या बरगडीत येऊन संपतो. मग दुसऱ्या दिवशी शिव्या लाइनमनला.

पहिल्या वर्षीचा यंग असा मागे मागे जायचा. बेंचवरून परतलेला यंग पुढे पाऊल टाकतो. कोसळू पाहणाऱ्या भिंतीच्या दिशेने, सेंटरच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन गार्डांच्या मधल्या फटीत, जिथून पाच फूट दहा इंचांच्या माणसाला काही दिसू शकतं. माझ्या लेखी खरी प्रगती एवढीच आहे आणि ती लहान नाही.

मात्र त्याच दोन गार्डांचं बिलही बघा. २०२४मध्ये पँथर्सनी रॉबर्ट हंटला पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलर आणि डेमियन लुईसला चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलर कबूल केले. ६२ सॅकचे त्या वर्षी २९ झाले. यंग सामनेही कमी खेळला हे धरलं तरी फरक डोळ्यांत भरतो. पुढच्या वर्षी ड्राफ्टमधून टेटाइरोआ मॅकमिलन हा दांडगा रिसीव्हर आणला आणि त्याने पदार्पणातच हजार यार्ड ओलांडले. म्हणजे पोरगा सुधारला, की त्याच्यापुढची भिंत सुधारली, की शेवटी कुणीतरी झेलणारा मिळाला? हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंचे लोक आपल्यावरच धावून येतात.

पँथर्सना तर हा प्रश्न फारच झोंबतो, कारण त्यांच्या माळ्यावर आणखी दोन पेट्या होत्या. २०२२मध्ये यांच्याकडे एकाच वेळी बेकर मेफील्ड आणि सॅम डार्नल्ड होते. दोघेही २०१८च्या ड्राफ्टमधले, एक पहिला, एक तिसरा. दोघांवरही हेच वाद झाले आणि दोघांनाही ‘हा काही सुधारत नाही’ असा शेरा मारून घालवलं. मेफील्ड पुढे टँपा बेला गेला आणि यांच्याच गटात बसून यांनाच छळू लागला. डार्नल्डची कथा त्याहून थोर. २०१९मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून खेळताना त्याच्या अंगावर माइक लावला होता. न्यू इंग्लंड पेट्रिएट्स ३३-०ने हाणत असताना बाकावर बसून तो म्हणाला की आपल्याला भुतं दिसताहेत, आणि ते साऱ्या देशाने ऐकलं. त्यानंतर कॅरोलायना, सॅन फ्रान्सिस्को, मिनेसोटा आणि मग सिॲटल. २०२६च्या फेब्रुवारीत सिॲटलने सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅक डार्नल्ड. समोर कोण? तेच न्यू इंग्लंड.

आता यावर सांगा, डार्नल्ड नेमका कधी सुधारला? शार्लटमध्ये असताना सुधारत होता का? असेल तर तो कुणाला दिसला नाही, आणि नसेल तर आज यंगमध्ये दिसतंय त्यावर तरी विश्वास का ठेवायचा? बघणारे तेच आहेत.

समर्थकांकडे यावर एक ब्रह्मास्त्र असतं. जॉश ॲलन. बफेलोच्या ॲलनचं पास पूर्ण करण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी ५२.८ टक्के होतं, तिसऱ्या वर्षी ६९.२. पुढे २०२४च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. तेव्हापासून देशातला प्रत्येक चुकार क्वार्टरबॅक हा ‘पुढचा ॲलन’ असतो. लॉटरी लागलेल्या एकाचा फोटो दुकानात लावला म्हणून दुकानातली सगळी तिकिटं लागत नाहीत, पण विकली मात्र जातात.

यंगचा तिसरा हंगाम सांगायचा राहिला. पँथर्स ८-९. शेवटचा सामना टँपा बेशी, म्हणजे मेफील्डशीच, आणि तो हरले. पण दुसऱ्या दिवशी अटलांटाने न्यू ऑर्लीन्सला हरवलं, तिघांचे ८-९ झाले आणि गणिताने पँथर्स गटविजेते. हरून, घरी बसून, टीव्हीवर दुसऱ्यांचा सामना बघत! मग बाद फेरीत रॅम्सशी सामना. सगळ्यांनी आधीच श्राद्ध घातलेलं, आणि यंगने शेवटच्या मिनिटांत आघाडी मिळवून दिली. हरले ३४-३१. त्या रात्री यंगकडे बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती, म्हणून लोकांनी बचावफळीकडे दाखवलं.

तर सुधारलाय का? होय, सुधारलाय. थोर झालाय का? नाही. या दोन वाक्यांच्या मधे भरपूर जागा आहे, पण तिथे राहायला कुणी तयार नाही, कारण तिथे पगार ठरवता येत नाही. आणि भांडण आहे ते पगाराचं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा. पाचवं वर्ष द्यायचं की नाही हे संघाने तिसरा हंगाम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत सांगायचं असतं. म्हणून तिसऱ्या वर्षी सगळ्यांना अचानक सुधारणा दिसू लागते किंवा दिसेनाशी होते.

न्यूयॉर्क जायंट्सनी ही परीक्षा देऊन पाहिली आहे. डॅनियल जोन्सला त्यांनी आधी पाचवं वर्ष नाकारलं. मग २०२२ला तो बरा खेळला, बाद फेरीतला एक सामनाही जिंकून दिला. झालं, सुधारला! मार्च २०२३मध्ये चार वर्षांचे १६ कोटी डॉलर. नोव्हेंबर २०२४मध्ये तोच जोन्स आधी बेंचवर आणि मग संघाबाहेर. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला जाऊन तो चांगला खेळू लागला, हा वेगळा त्रास.

यंगच्या कागदाचा मुहूर्त २०२६चा मे. कारभारी मंडळी सही करतील तेव्हा मालक डेव्हिड टेपर शेजारी असतीलच. यंगच्या पहिल्या हंगामात जॅक्सनव्हिलला हरताना त्यांनी प्रेक्षकांवर पेय फेकलं होतं आणि लीगने त्यांना ३ लाख डॉलरचा दंड केला होता. त्या संघात त्या दिवशी निशाण्यावर फेकणारे ते एकटेच होते असं म्हणतात.