उजेड विकणे आहे

घराच्या जाहिरातीत ‘भरपूर सूर्यप्रकाश’ पहिल्या ओळीत असतो. लंडनच्या माणसाला त्याचा मोह पडत असेल. तिथे ऊन सणासुदीलाच येतं. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि भडगावच्या बाजारात दुपारी कुत्रंसुद्धा दुकानाच्या फळीखाली सरकतं. गिरणा नदीची वाळू निदान चोरून तरी विकली जाते. इथलं ऊन चोरायलाही कुणी येत नाही. तरीही घरांचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाचा सगळा धर्म उजेडाचा. पडदे सारा, भर दुपारी सगळे दिवे लावा, 16 मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यात नेऊन टेकवा, की दहा बाय दहाच्या खोलीत लग्नाची पंगत बसेलसं वाटतं. खिडकीतलं ऊन फारच डोळे दिपवत असेल तर कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो एकमेकांत मिसळून एचडीआर करतात. खोली उजळते, ऊन नरमतं. सूर्याला असं नमवणं खान्देशात आजवर फक्त घरावरच्या मातीच्या धाब्याला जमलं होतं.

ही उजेडाची आवड थंड देशांतून आली, याबद्दल तक्रार नाही. कॅमेराही तिकडूनच आला. तक्रार अशी की आता घरंच फोटोसाठी बांधली जातात. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, वर मातीचं धाबं, रात्री झोपायलाही तेच: या घराची सगळी अक्कल ऊन बाहेर ठेवण्यात होती, म्हणून त्याचा फोटो काळाकुट्ट येतो. नव्या रो-हाऊसला रस्त्याच्या बाजूने मोठी काच हवी, मग रस्ता पश्चिमेला का असेना, कारण फोटो समोरून काढतात. त्या काचेतून आलेलं ऊन परतवायला कूलर लागतो, आणि फोटोच्या दिवशी तोच कूलर उचलून मागच्या बोळात ठेवतात. खान्देशात खिडकीत कूलर नसलेलं घर एक तर रिकामं असतं, नाही तर फोटोतलं.

यावर कुणी म्हणेल, धाब्याचे गोडवे पुरे; चुलीचा धूर, पावसाळ्यातली गळती आणि उंदीर तुम्ही सोसले असते का? मुद्दा रास्त आहे, त्या घरात परत जायला कुणीच तयार नाही. पण छज्जा, जाड भिंत आणि दारातला कडुनिंब यांना धूर लागत नाही. दुसरा आक्षेप फोटोग्राफरच्या बाजूने येईल, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. लग्नाची तिथ नसलेल्या दिवशी हे काम घेणाऱ्याने बिल्डर सांगेल ते काढलं, तर त्याला काय बोलणार? चकचकीत फोटो आवडतो तो आपल्याला. तिसरा आक्षेप सगळ्यात भक्कम वाटतो: घर शेवटी डोळ्यांनी बघूनच घेतात. शेजारच्या पाचोऱ्याचा माणूस बघत असेल. सुरतच्या उधन्यात किंवा पुण्यात पोटासाठी गेलेला भडगावकर व्हॉट्सॲपवर पसंती कळवतो आणि दिवाळीला टोकन घेऊन येतो. दिवाळीत हवा गार, शिवार हिरवं, कूलर माळ्यावर. म्हणजे तो प्रत्यक्ष बघतो तेही एका परीनं एचडीआरच.

कायदा आहे ना, असं म्हणाल, तर आहे. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई देतं. पण लेन्सने काही खोटं विधान केलेलं नसतं. खोली खरी, ऊनही खरं, फक्त दोघांची गाठ फोटोत पडू दिलेली नसते. शिवाय 500 चौरस मीटरच्या आतल्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही, आणि तालुक्याच्या गावी चार-सहा रो-हाऊस बांधणारे पुष्कळ. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2026 पासून घराच्या फोटोत फेरफार केला तर तसं सांगून मूळ फोटोही दाखवावा लागतो. मात्र नुसता उजेड कमी-जास्त करायला तिथेही मोकळीक आहे. सूर्य तिकडेही सुटलाच. तेव्हा सुरत-पुण्याच्या मंडळींनो, टोकन देण्याआधी गावाकडच्या भाच्याला मे महिन्यात दुपारी तीन वाजता तिथे पाठवा आणि पश्चिमेच्या खोलीचा साध्या मोबाइलवर काढलेला एक फोटो मागवा, जमल्यास नळ उघडा ठेवून.