भिंतीमागे मेलेल्यांची कैफियत

रात्री अकरानंतर कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहून पाहा. तिसऱ्या मजल्यावरून किंकाळी येते, "अरे, मी भिंतीमागे होतो!" पाच मिनिटांनी बी विंगमधून तीच किंकाळी, फक्त आवाज फुटायच्या वयातली. मग समोरच्या बिल्डिंगमधून. रोज रात्री आपल्या गावात इतकी माणसं भिंतीमागे मरतात आणि एकाही भिंतीला टवका उडालेला नसतो.

पोरं थापा मारतात अशी आपली समजूत आहे. गृहपाठाबद्दल मारतातही. पण भिंतीबद्दल नाही. आमचा भाचा आईशप्पथ घेऊन सांगतो, "मामा, मी मागे गेलो होतो, पूर्ण गेलो होतो, बाहेर बोटसुद्धा नव्हतं." आणि तो खरं बोलतो. ऑनलाइन गोळीबाराच्या खेळात त्याच्या पडद्यावर तो भिंतीमागेच होता. ज्यानं त्याला टिपला त्याच्या पडद्यावर मात्र तो अजून उघड्यावर धावत होता. दोन्ही पडदे खरे. मग न्याय कुणी करायचा? त्यासाठी सर्व्हर नावाचा पंच नेमलेला आहे.

हा पंच चक्क काळ मागे फिरवतो. गेल्या काही क्षणांत कोण कुठे उभं होतं याची वही त्याच्याकडे असते. गोळी येऊन पोचली की तो मारणाऱ्याला विचारतो, बाबा रे, तुझं नेट किती मंद? दीडशे मिलीसेकंद? ठीक. मग अख्ख्या जगाला दीडशे मिलीसेकंद मागे नेऊन उभं करतो, तेव्हा गोळी लागली असती का ते पाहतो, लागली असती म्हटल्यावर जग पुन्हा जागेवर आणतो आणि भिंतीमागे दम खात बसलेल्या इसमाला कळवतो की आपण मघाशीच वारलात. भिंतीपर्यंत धावण्यात त्यानं जे कष्ट घेतले ते रद्दबातल. लॅग कॉम्पेन्सेशन नावाची ही सोय मारणाऱ्यासाठी आहे. मेलेल्याच्या वारसांसाठी काही तरतूद नाही. किती मागे जायचं याला बहुतेक खेळांत मर्यादा घातलेली असते, हे उपकारच. नाहीतर एखाद्यानं गेल्या मंगळवारची गोळी आणून आज वसूल केली असती. आमच्या नात्यातल्या एक आत्या याच पद्धतीनं भांडतात. तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुंजीत कुठे उभे होता ते पाहून त्या आज नेम धरतात, आणि तो बरोबर लागतो.

आता गंमत पाहा. ज्या मुलखात खिंडीच्या तोंडाशी दबा धरून बसणं ही युद्धकला म्हणून चौथीच्या पुस्तकापासून शिकवली, त्या मुलखातल्या पोरांना हा खेळ सांगतो की दबा धरून बसलात तर मेलात. कोपऱ्यावर बंदूक रोखून, श्वास रोखून बसलेल्या माणसाला वळसा घालून येणारा शत्रू उशिरा दिसतो. येणाऱ्याला मात्र बसलेला आधी दिसतो. कारण येणारा आपल्या पडद्यावर वळलेलासुद्धा असतो, आणि तो वळल्याची बातमी अजून सर्व्हरमार्गे वाटेत असते. म्हणजे जो धावत, बेसावध, तोंडात चकली घेऊन आला त्याचा फायदा, आणि जो शिस्तीत वाट पाहत बसला तो नॉक. उशिराला एवढा मान मिळतोय म्हटल्यावर काही कल्पक मंडळींनी उशीर मुद्दाम तयार करायला घेतला. लॅग स्विच म्हणून एक प्रकार असतो. आपल्याच वायरीला बटण लावायचं, ऐन मोक्याला स्वतःचं नेट क्षणभर तोडायचं, समोरच्यांच्या पडद्यावर पुतळा होऊन उभं राहायचं आणि मग साठवलेल्या सगळ्या करामती एकदम पाठवून द्यायच्या. पकडले गेले तर हकालपट्टी होते. कार्यालयीन नोकरीत याच कौशल्यावर बढती मिळते, पण ते असो.

मुळात पडद्यानं थापा मारायला सुरुवात केली ती १९९६ साली. त्याआधी इंटरनेटवर खेळताना बटण दाबलं की हुकूम सर्व्हरकडे जायचा, तिथून मंजूर होऊन यायचा आणि मग कुठे आपला गडी पाऊल उचलायचा. फोनच्या तारेवरून चालणारं नेट, त्यामुळे पाऊल उचलेपर्यंत पाऊल कशासाठी उचलत होतो याचा विसर पडायचा. मग 'क्वेकवर्ल्ड' नावाच्या खेळात युक्ती निघाली: मंजुरीची वाट पाहू नका, गडी लगेच धावताना दाखवा, पुढे सर्व्हरनं नाही म्हटलं तर मान धरून मागे आणा. तेव्हापासून आपल्या पडद्यावर आपण आजचे असतो आणि बाकी सगळे कालचे. आपण भिंतीमागे पोचलो हे आपल्या मनाच्या समाधानासाठी दाखवलेलं चित्र असतं; सरकारदरबारी त्याची नोंद व्हायची असते.

यावर मंडळी म्हणतात, सर्व्हर सिंगापूरला आहे, त्याला कोण काय करणार? मान्य. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर नकाशावर रेघ ओढली तरी चार हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलीसेकंद. केबल काही रेघेसारखी जात नाही, वाटेत ठिकठिकाणी तिची अडवणूकही होते, म्हणून प्रत्यक्षात साठच्या आसपास. त्याहून कमी करायचं तर सिंगापूर अलीकडे ओढावं लागेल. पण साठनं कुणी मरत नाही. डोळ्यांनी दिसल्यावर बोटानं बटण दाबायला धडधाकट माणसाला दोनशे-अडीचशे मिलीसेकंद लागतात. आणि भाच्याच्या पडद्यावर कोपऱ्यात या जाण्या-येण्याच्या वेळेचा, म्हणजे पिंगचा, जो आकडा लाल होऊन नाचत असतो तो साठ नसतो. तो कधी तीनशे असतो, कधी आठशे. हे बाकीचे सातशे चाळीस कुठून आले?

ते आले हळदीतून. सांगतो. आमच्या घरात मागच्या महिन्यात एक लग्न झालं. त्याचं शूटिंग तीन जणांनी केलं, त्यात वहिनींचा फोन. फोन बिचारा आज्ञाधारक. रात्री चार्जिंगला लावला आणि वाय-फाय मिळालं की दिवसभराचं सगळं ढगात चढवायला घेतो. बरोबर अकरा वाजता. हळदीचं चित्रण, पूर्ण लांबीचं, केस दिसतील इतकं स्वच्छ. आता तारेतून माल जातो तो पाकिटं करून. भाच्याचं 'भिंतीमागे पळालो' हे पाकीट शंभरेक बाइटचं, पोस्टकार्डाएवढं. हळदीची पाकिटं प्रत्येकी दीड हजार बाइटची, आणि ती हजारोंनी. राउटर दारात बसलेला. त्याला लग्न कळत नाही, लढाई कळत नाही, तो रांग लावतो. तेव्हा पुढे आत्या, आत्यांच्या हातात पाटा-वरवंटा, मग नवरदेवाचा डावा गाल, मग उजवा, मग करवली कॅमेऱ्यासमोर येते ती जातच नाही, मग काकांचा अंगठा लेन्सवर आलेला पूर्ण दीड मिनिट, आणि या सगळ्या वऱ्हाडाच्या मागे, एका कोपऱ्यात, जीव मुठीत धरून पळालेला आमचा भाचा एक पाकीट होऊन उभा. त्याच्या पडद्यावर तो कधीच भिंतीमागे गेला. सर्व्हरच्या वहीत तो अजून अंगणात आहे, कारण त्याचा पळ हळदीमागे अडकलाय. हिशेब करा: वर चढवायचा वेग १० एमबीपीएस (हे मेगाबिट) आणि राउटरच्या पोटात १ एमबीची (ही मेगाबाइट) रांग, तर रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्याला ८०० मिलीसेकंद लागतात. तेवढ्या वेळात गोळी येते, लागते, मारणारा त्याच्या बॅगेतला मालही उपसायला लागतो. इथे पंचाचा दोष नाही, सिंगापूरचा नाही, समुद्राचा नाही. पोरगा हळदीत मेला.

राउटर असा का वागतो? कारण त्याच्या पोटात वारेमाप जागा ठेवली. पाकीट टाकून देणं वाईट दिसतं, म्हणून कुणालाच नाही म्हणायचं नाही, सगळ्यांना आत घ्यायचं आणि ताटकळत ठेवायचं. या धोरणावर आपल्याकडे कित्येक कार्यालयं सुखात चालली आहेत. यावर औषध नाही असंही नाही. २०१२ सालीच रांगेचा नवा हिशेब निघाला: कोण किती वेळ खोळंबलाय ते पाहा, फार झालं तर रांग छाटा, आणि एखाददुसरं पोस्टकार्ड घेऊन आलेल्याला वऱ्हाडाच्या आधी सोडा. त्याच वर्षी तो लिनक्समध्ये फुकट उपलब्ध झाला. फुकट! आणि आमच्या घरी जो डबा नेटच्या कंपनीनं बसवून दिलाय त्यात तो चालू आहे का, असं तो बसवणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, यात चारही लाइट हिरवे येतात."

इथे माझं डोकं फिरतं. ही मंडळी विकतात काय? ३०० एमबीपीएस. जाहिरातीत हेडफोन घातलेलं पोरगं, डोळ्यांत निळा उजेड, खाली 'गेमिंगसाठी खास'. अहो, अशा खेळाला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही! त्याला लागतं ते पोस्टकार्ड वेळेवर पोचणं. ते किती वेळात पोचेल, घरात दुसरं कुणी काही चढवत असताना किती वेळात पोचेल, हा आकडा जाहिरातीत नाही, बिलावर नाही, करारातल्या मुंगीएवढ्या अक्षरांतही नाही. तीनशे हा खाली यायचा वेग. वर जायचा किती ते खोदून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तक्रार केली की पहिलं वाक्य: राउटर बंद करून चालू करा. दुसरं: स्पीड टेस्ट करा. करतो. २९८ येतात. ती टेस्ट जवळच्याच कुठल्यातरी सर्व्हरशी बोलते, आणि तिच्यातला ठळक पिंग मोजला जातो तो रांग रिकामी असताना. म्हणजे घरातले सगळे झोपले, फोन बंद, हळद उतरली, तेव्हा रस्ता मोकळा होता असा दाखला. शेवटी तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि दुपारी मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी आलं नाही, कुणी फोन केला नाही, वायर अजून गुलमोहराच्या फांदीवरून लोंबते आहे. त्यांच्या पडद्यावर मात्र ती सुटली. मी पुन्हा फोन केला तर म्हणे, सुटलेल्या तक्रारीवर तक्रार घेता येत नाही, नवीन टाका. नवीन टाकली. तीही सुटली. वर एका ॲपची जाहिरात पिच्छा पुरवते, महिन्याचे पैसे भरा, पिंग कमी करून देतो. पाकीट वाकड्या वाटेनं जात असेल तर ही ॲपं वाट सरळ करू शकतात, हे खरं. पण हळद दिवाणखान्यातच अडलेली असेल तर सिंगापूरची वाट सरळ करून काय करू?

भाचा शहाणा आहे. त्यानं स्वतःच शोधून काढलं की राउटरमध्ये शिरून वहिनींच्या फोनला मर्यादा घालता येते. पण राउटरचा पासवर्ड कंपनीकडे, आणि कंपनीकडे जायचा रस्ता वर सांगितलाच आहे. मग तो म्हणाला, वाय-फायची थरथर तरी जाईल, राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत एक साधी लॅन केबल टाकू. वायर आली, क्लिपा आल्या, हातोडी आली. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, नव्या पीओपीकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हॉलमधून वायर दिसता कामा नये. त्यापेक्षा तू हरत जा."