विषय-परीक्षांची निवड: नियम, अपवाद आणि घरातील मतभेद

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

अमेरिकेतील महाविद्यालयांकडे अर्ज करताना विषयवार गुण दाखवण्यासाठी पूर्वी सॅट सब्जेक्ट टेस्ट नावाची परीक्षा होती. वीस विषय, प्रत्येकाला एक तास आणि गुण 200 ते 800. कॉलेज बोर्डाने जानेवारी 2021 मध्ये ती अमेरिकेत तत्काळ बंद केली. परदेशातील विद्यार्थ्यांना त्याच वर्षीच्या जूनपर्यंत देता आली. तिच्या तयारीची जाड पुस्तके मात्र बंद झालेली नाहीत. मराठी कुटुंबांत ती थोरल्या चुलतभावाकडून धाकट्या मामेबहिणीकडे जातात आणि सोबत सल्लाही जातो. नाशिकच्या आत्यांनी फोनवर आग्रहाने सुचवलेली 'मॅथ लेव्हल टू' ही याच परीक्षेतली. तिचा अभ्यास करायला कोणाची हरकत नाही. ती देता येत नाही, एवढीच अडचण आहे.

आता बहुतेक सरकारी शाळांतील मुलांसाठी विषय-परीक्षा म्हणजे एपी, अर्थात ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. हिचा कारभारही कॉलेज बोर्डाकडेच आहे. चाळीसच्या आसपास विषय आहेत. परीक्षा मे महिन्यात दोन आठवडे चालतात, बहुतेक पेपर साधारण तीन तासांचे असतात आणि गुण 1 ते 5 या श्रेणीत मिळतात. येथे 5 म्हणजे सर्वोत्तम. "पाचपैकी पाच मिळाले, पण शंभरपैकी किती?" हा आपल्या कोथरूडच्या घरून येणारा प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्याला उत्तर नाही. मूळ गुण विद्यार्थ्याला कळवलेच जात नाहीत.

2025 साली अमेरिकेत एका विषयाचे शुल्क 99 डॉलर होते. नावे शाळेमार्फत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जातात. त्यानंतर मत बदलले, मग ते नाव घालण्याबद्दल असो वा काढण्याबद्दल, 40 डॉलर पडतात. ज्या घरात प्रत्येक जेवणानंतर मत बदलते, त्या घराने ही तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी.

निवडीचा पहिला नियम काळाचा आहे. महाविद्यालयांचे अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत भरले जातात, निर्णय मार्चअखेरपर्यंत येतात आणि बारावीच्या मे महिन्यात दिलेल्या परीक्षांचा निकाल लागतो जुलैत. म्हणजे प्रवेशाच्या निर्णयात उपयोगी पडणारे गुण अकरावीच्या मेपर्यंतचेच. बारावीच्या परीक्षेवर आयुष्य अवलंबून असते, असे मानणाऱ्या पिढीला हे पटणे कठीण जाते. बारावीतल्या एपी परीक्षेचा उपयोग पुढे महाविद्यालयात श्रेयांक मिळवण्यापुरता असतो.

दुसरा नियम असा, की जो विषय शाळेत वर्षभर शिकला जातो, त्याचीच परीक्षा द्यावी. शाळेत न शिकता परीक्षा देण्याला मनाई नाही. पण अर्ज तपासणारे आधी शाळेतील अभ्यासक्रम व त्यातील गुण पाहतात आणि एपीचा गुण त्याला दुजोरा म्हणून धरतात. घरी फावल्या वेळात वाचून दिलेला पाचवा विषय फावल्या वेळाइतकाच गुण देतो.

विषयवार स्थिती पुढीलप्रमाणे आहे.

गणितात कॅल्क्युलसचे दोन पेपर आहेत, एबी व बीसी. एबीत सीमा, विकलन आणि संकलन येते. बीसीत ते सगळे असून शिवाय अनंत श्रेणी व ध्रुवीय निर्देशक येतात. बीसी देणाऱ्याला एबीच्या भागाचा उपगुण वेगळा मिळतो, म्हणून दोन्ही देण्याची गरज नसते. 2025 पासून बरेच पेपर संगणकावर गेले, तरी कॅल्क्युलसची सविस्तर उत्तरे कागदावर हातानेच लिहावी लागतात. अक्षर सुधारण्याबाबत बाबांनी गेली काही वर्षे चालवलेली मोहीम त्यामुळे अजून कालबाह्य झालेली नाही.

भौतिकशास्त्रात चार पेपर आहेत. फिजिक्स 1 व 2 बीजगणितावर चालतात, तर 'सी' गटातील दोन, यामिकी आणि विद्युत-चुंबकत्व, कॅल्क्युलसवर. आपल्या नातीचे वडील अभियंता असल्याने त्यांचे मत 'सी' गटाच्या बाजूने आहे. नातीची आई औषध कंपनीत असल्याने तिचे मत रसायन व जीवशास्त्राच्या बाजूने आहे. ही विभागणी पूर्वीच्या 'ए ग्रुप की बी ग्रुप' या वादाची थेट वंशज आहे आणि तेवढीच निष्फळ आहे; कारण येथे विज्ञानासोबत इतिहास घ्यायला कोणी अडवत नाही आणि इतिहास घेतला म्हणून शेजारी हळहळत नाहीत.

नातीचे स्वतःचे मत, जे सर्वांत शेवटी विचारले गेले, आर्ट हिस्टरीचे आहे. या अभ्यासक्रमात 250 कलाकृती नेमल्या आहेत. त्यांत सांचीचा स्तूप, खजुराहोचे लक्ष्मण मंदिर, नटराज आणि ताजमहाल आहेत. वेरूळचे कैलास लेणे नाही. याबद्दलचा कोथरूडचा निषेध आगाऊ नोंदवून ठेवला आहे.

भाषांमध्ये स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन आहेत. दहावीत गुण उचलण्यासाठी संस्कृत घेण्याची महाराष्ट्रातील थोर परंपरा येथे चालत नाही, कारण संस्कृत नाहीच. तिच्या जागी लॅटिन घ्यावे, असे काकांचे म्हणणे आहे. पण त्यात व्हर्जिल मुळातून वाचावा लागतो आणि तो पाठांतराला दाद देत नाही. मराठीचीही एपी परीक्षा नाही. मात्र अनेक राज्यांत 'सील ऑफ बायलिटरसी' नावाची मोहोर शालान्त प्रमाणपत्रावर मिळते. इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा लिहिता, वाचता, बोलता येते याची ती पावती असते आणि मराठीची पातळी तपासणाऱ्या परीक्षेच्या आधारे ती मिळवता येते. रविवारच्या मराठी शाळेत कुरकुरत घालवलेल्या सकाळींचा हा पहिला कागदोपत्री उपयोग.

गुण कळवण्याचा नियम दयाळू आहे. अर्जात गुण विद्यार्थ्याने स्वतः भरायचे असतात आणि कमी पडलेला विषय बहुतेक ठिकाणी न दाखवलेला चालतो. दहावीतल्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे हे सख्खे भावंड. अपवाद आहेत आणि विद्यापीठागणिक नियमही वेगळे आहेत. येल विद्यापीठाने 2024 साली सॅट किंवा एसीटी या सर्वसाधारण प्रवेश-परीक्षांऐवजी एपी वा आयबी या दुसऱ्या अभ्यासक्रमाचे गुणही चालतील असे जाहीर केले; मात्र एपीचा मार्ग धरला, तर तोवर दिलेल्या सगळ्या एपी विषयांचे गुण दाखवायचे अशी अट घातली. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी सॅट पाहतच नाही, पण प्रवेशानंतर एपीतील 3 व त्यावरील गुणांना श्रेयांक देते. एमआयटी कॅल्क्युलस बीसीत 5 असतील, तरच पहिला गणिताचा अभ्यासक्रम माफ करते. म्हणून "आमच्या ओळखीच्या एकाला चालले" हा पुरावा एका विद्यापीठापुरता आणि त्याच वर्षापुरता धरावा. खरी माहिती प्रत्येक विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या नियमांत असते.

किती विषय द्यावेत, याला ठरलेला आकडा नाही. शेजारच्या मुलाने आठ दिले, ही बातमी आकडा ठरवण्यास पुरेशी मानली जाते, मानू नये. अकरावीत जितके एपी वर्ग झेपतात तितकेच पेपर, हे साधे गणित आहे.

त्यानुसार नातीचे तीन विषय ठरले आहेत: कॅल्क्युलस बीसी, यू.एस. हिस्टरी आणि आर्ट हिस्टरी. तिन्ही ती शाळेत शिकत आहे आणि तिन्हींची नावे गेली आहेत. आता नवीन सूचना आल्यास प्रत्येकी 40 डॉलर पडतील, हे आत्या, काका व इतर मंडळींना कृपया कळवावे. निकाल जुलैत लागेल. तोवर फोनवर फक्त तब्येतीची चौकशी व्हावी, ही विनंती.



आपली,
एडिसनची मंडळी