तंजावरचे नोटवाले राव

नोटवाले राव ही तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत आढळणारी, वारसदार मंडळींतली एक खास जात आहे. तंजावरला मराठी राज्य उभारणाऱ्या व्यंकोजीराजे भोसल्यांच्या मागोमाग आलेल्या घराण्यांची जमीन गेली, मान गेला, मोडी लिपी वाचणारी पिढीही गेली. पोथीच्या पानांत दडवलेल्या नोटा तेवढ्या उरल्या. आजोबांची ट्रंक वाट्याला आली की साध्या रावांचे नोटवाले राव होतात. तमिळ शेजारी त्यांना रायर म्हणतात. ते भांडतात मराठीत, हिशेब तमिळमध्ये करतात आणि नोटेवर या दोन्ही भाषा दिसल्या की ती आपल्याच घरासाठी छापली असे समजतात.

जुनी नोट ओळखायची ती कोणी काढली, सही कोणाची, क्रमांकापुढची अक्षरे कोणती आणि उजेडात धरल्यावर जलचिन्ह कसले दिसते, यावरून. राव ती वासावरून ओळखतात. सहीवर मात्र त्यांची श्रद्धा आहे. जॉर्ज सहाव्याच्या चित्राच्या नोटेवर चिंतामणराव देशमुखांची सही दिसली की देशमुख त्यांचे दूरचे नातेवाईक ठरतात. देशमुख 1943 ते 1949 या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, या पदावरचे पहिले भारतीय. नात्याला एवढा पुरावा रावांना पुरतो. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सहीच नाही, हे कळल्यावर ती चुकून छापलेली, म्हणून लाखमोलाची, असे ते जाहीर करतात. वास्तविक ती नोट भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते.

ट्रंकेतले दुसरे रत्न म्हणजे केळीच्या झाडाचे चित्र असलेली दहा डॉलरची नोट. मलायाला गेलेल्या एखाद्या काकांनी ती आणलेली असते. राव तिचा आजच्या डॉलरच्या भावाने गुणाकार करतात. ती महायुद्धात जपान्यांनी मलायात चालवलेली नोट. युद्ध संपताच कागद झाली. भरमसाट छापल्यामुळे अजूनही सहज मिळते आणि भाव बेताचाच येतो.

खरे रत्न तिसरे. 1954 साली निघालेल्या हजाराच्या नोटेच्या पाठीवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आहे. ते राजराज चोळाने बांधले, मराठे येण्याच्या साडेसहाशे वर्षे आधी. पण त्याच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला असल्याने राव ते घरचेच धरतात. 16 जानेवारी 1978 रोजी हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. रावांच्या वडिलांनी ही एक नोट बदलायला नेली नाही. देऊळ बँकेत भरायचे कसे? या भाविकपणामुळेच आज संग्राहक तिला छापील किमतीच्या कित्येक पट द्यायला तयार होतात.

झाले असते, पण रावांनी तिची घडी मोडायला इस्त्री फिरवली, फाटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आणि नातवाच्या शाळेच्या ओळखपत्रासोबत लॅमिनेट करून आणली. नोटेचा भाव दुर्मिळतेइतकाच तिच्या अवस्थेवर ठरतो. कोरी करकरीत नोट सर्वांत वर. मग प्रत्येक घडीगणिक उतार. बँकेच्या पुडक्याला मारलेल्या पिनेची भोके संग्राहक सोसतात, प्लास्टिकचे कफन सोसत नाहीत. व्यापाऱ्याने असा भाव सांगितला की राव उठतात: ‘‘विकायचीय कोणाला?’’

786 क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, असा निरोप मोबाइलवर आला की मात्र त्यांना विकायची असते. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही आणि शुल्कही मागत नाही, हे बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये बजावले आहे. 2016 साली रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणे गुन्हा आहे. अभ्यासकाला आणि संग्राहकाला मुभा पंचवीसची. हे कळल्या दिवसापासून राव अभ्यासक आहेत.

जुनी नोट धुऊ नये, चिकटवू नये, सपाट व कोरडी ठेवावी आणि दोन जाणकारांना दाखवावी. शेजारच्या सरस्वती महाल ग्रंथालयात शेकडो वर्षांच्या पोथ्या टिकल्या आहेत. तिथे इस्त्री घेऊन कोणी गेले नाही.