कंददान : विधी व पथ्ये

सर्व दानांत कंददान अवघड. पाकीट दिले की देणारा मोकळा होतो. निशिगंधाचा कंद दिला की घेणारा अडकतो, आणि देणाऱ्याला ‘फुटला का गं?’ असे विचारण्याचा तहहयात हक्क मिळतो. आमच्या इगतपुरीच्या मावशीने हा हक्क अर्ध्या नाशिक जिल्ह्यावर मिळवला आहे. पुढील मार्गदर्शन तिच्याच निरीक्षणावर आधारलेले असल्याने तिला दाखवू नये.

प्रथम वेष्टन. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे कापडी पिशवीतून घरात आलेली कोणतीही गोल, सालपटं सुटलेली वस्तू कांदाच समजली जाते. (वास्तविक कांदाही फुलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांदे बियाण्यासाठी लावले की थंडीत डोंगळे वर येतात, पांढऱ्या फुलांचे गोळे, मधमाश्यांनी गजबजलेले. पण भेट म्हणून कांदा नेला तर यजमान आधी भाव विचारतात.) निशिगंधाचा कंद तर थेट लसणाच्या वळणाचा. मावशीने दिलेला एक वाटा फोडणीच्या तेलापर्यंत पोचला होता. इथे थट्टा पुरे. बऱ्याच लिलींचे आणि नार्सिससचे कंद विषारी असतात, कळलावीचा तर जीवघेणा. म्हणून चिठ्ठी बांधा. मार्करने लिहा, पेनाची शाई पाण्याने जाते.

दुसरे, मुहूर्त. मावशीचे पंचांग इगतपुरीचे. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच जिल्ह्यात सिन्नरला ५००-६००. तरी ती सोनटक्क्याचे गड्डे सिन्नरच्या भाचीला देते आणि पानं करपली की भाचीला आळशी ठरवते. सोनटक्क्याला पाय ओले लागतात, निशिगंधाला ते मुळीच चालत नाहीत. निशिगंध काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळून, एप्रिल-मे महिन्यात, शेंडी वर ठेवून लावावा. दात्याने कंद द्यावा, आपल्या अंगणातलं हवामान सोबत बांधून देऊ नये. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “तू बाई फार वाचतेस.”

नाशिककराने थंडीचा अभिमान आवरावा. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आम्ही तो स्वतः उतरवल्यासारखे मिरवतो. याच भरवशावर परदेशातली भावंडं ट्युलिप आणायचं म्हणतात. ट्युलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे सलग, साधारण ९ अंशांखालचा गारवा लागतो. आमची पहाट कुडकुडते आणि दुपारी लोक उसाचा रस पितात. मग फ्रिज. तोही भाजीच्या कप्प्यात, आणि शेजारी सफरचंद नको, कारण पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. शिवाय आयातीचा परवाना आणि कंद निरोगी असल्याचा सरकारी दाखला नसेल तर असे कंद देशात आणता येत नाहीत. चॉकलेट आणावे.

ऋतू हल्ली दिलेला शब्द पाळत नाहीत. मे फ्लॉवर नावाप्रमाणे मेमध्ये यावे, पण एप्रिलात अवकाळी पडला की लाल गोळा तेव्हाच वर. पावसाळी लिली दिवाळीनंतर फुलते, कारण पाऊसही दिवाळीनंतर येतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात गारा पडल्या, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. त्यापुढे गच्चीवरच्या कुंडीचं रडगाणं गाण्याची लाज वाटते. तेव्हा भेटीसोबत तारीख देऊ नये, खूण द्यावी. पानं पिवळी पडली की पाणी तोडा. कोंब दिसला की सुरू करा. झोपलेल्या कंदाला प्रेमाने घातलेलं पाणी त्याला कुजवतं.

भुईचाफा देताना घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र कल्पना द्यावी. हिवाळ्यात तो पूर्ण नाहीसा होतो. कुंडीत फक्त माती. त्या मातीत कुणीतरी हमखास कोथिंबीर पेरतं. उन्हाळ्यात पानांच्याही आधी, थेट जमिनीतून, जांभळट-पांढरी फुलं निघतात आणि असा वास सुटतो की जिना चढून आलेला कुरिअरवाला थबकून विचारतो. हा मावशीचाच. एवढं एक तिचं मान्य करायलाच हवं.

तपासणी. दाता न कळवता येतो. चहाच्या आधी गॅलरी. कुंडीत बोट खुपसून “ओल फार आहे” म्हणतो. वाद घालू नये.

परतफेड. निशिगंध तीन वर्षांत कुंडी भरून टाकतो. पानं वाळल्यावर उकरून, सावलीत सुकवून, मोठे कंद निवडून वाटावेत. अशा रीतीने आपणही फोन करायला मोकळे. मात्र मावशीचेच कंद मावशीला देऊ नयेत. ती ओळखते, आणि माझ्याकडच्यापेक्षा बारीक झालेत म्हणते.